खडपाची कड

मोतीबिंदू काढल्यापासून लांबचं लख्ख दिसतं. समुद्रावरून सड्यावरचं झाडनझाड ओळखतो. जवळचं मात्र चष्म्याशिवाय वाचता येत नाही, आणि होडीवर चष्मा लावला की मासे पकडायचे राहतात, काच पुसण्यातच वेळ जातो. जुन्या पाच इंची जीपीएसवरचे आकडे तर मुंग्यांसारखे पळायला लागले. पुतण्या म्हणाला, "काका, आता नऊ इंचीच घेवया. ह्या डबड्यात तुका काय दिसतला?"

पैशाचं कारण सांगून मी बरेच दिवस चालढकल केली. खरं कारण वेगळं होतं. पाच इंची स्क्रीन मी मुद्दाम इंजिनाच्या मुठीपाशी, माझ्या गुडघ्याच्या आडोशाला बसवून घेतली होती. ती तांडेलाला दिसायची, खलाशाला नाही. नऊ इंची स्क्रीन अख्ख्या होडीला दिसते, आणि शेजारून कोणी होडी घातली तर त्यालाही. आज आपल्याबरोबर गरी ओढणारा उद्या दुसऱ्याच्या होडीवर जातो, जाताना पाण्याखालच्या खडपांच्या खुणा घेऊन जातो.

खुणा माझ्या वडिलांच्या. किल्ल्याचा बुरूज मागच्या डोंगराच्या कोणत्या खाचेत आला की गरी सोडायची, हे त्यांनी मला सांगितलं, भावाला नाही. हातातले जीपीएस आपल्याकडे आले तेव्हा अमेरिका सामान्य लोकांच्या सिग्नलमध्ये मुद्दाम खोट घालत असे. शंभर मीटरपर्यंत चूक यायची, आणि आमची कित्येक खडपं तेवढी लांबरुंदही नाहीत. मशीनवाले मोकळ्या चिखलात गरी सोडून बसायचे आणि मी बुरूज धरून बरोबर खडपावर असायचो. तेव्हाचा माझा तोरा विचारू नका. 2000 सालच्या मे महिन्यात ती खोट काढली गेली, आणि पुढच्या हंगामात माझ्या वडिलांच्या खडपावर तीन होड्या उभ्या.

मग मी दुसरी लबाडी शिकलो. कोणी खूण मागितली तर खरी द्यायची, पण मिनिटांनंतरचा आकडा सेकंदांचा आहे की दशांशाचा, हे सांगायचं नाही. 2 मिनिटं 30 सेकंद असतील आणि समोरच्याने 2.300 मिनिटं दाबलं, तर तो चांगला 370 मीटर बाजूला जातो. खोटं बोलल्याचं पाप नाही आणि खडपही आपलंच. याची लाज वाटायला हवी. तितकीशी वाटत नाही.

पण माझी खरी झोप उडवली ती फिशफाइंडरने. तारलीचा थवा कोणत्याही मशीनवर दिसतो, ढग उतरल्यासारखा. मला तारली नको, मला तांबोशी आणि सुरमई हवी, आणि दोघी आपापल्या परीने लपतात. माशाच्या अंगातून जो प्रतिध्वनी येतो, त्यातला मोठा वाटा पोटातल्या हवेच्या पिशवीचा असतो. सुरमईला ती पिशवीच नाही. कापणाऱ्याला हे ठाऊक असतं, विकणाऱ्याला नसतं. एवढी हातभर सुरमई स्क्रीनवर फिकट ओरखड्यासारखी उमटते. म्हणून मी सुरमई शोधत नाही, तारलीचा ढग पाहतो. ढग खालून फाटला, दबून एका बाजूला सरकला, की खाली कोणीतरी आहे.

तांबोशीला पिशवी आहे, ठसठशीत दिसायला हवी. पण ती बसते खडपाच्या कडेला, अगदी बुडाशी. वीस वाव पाण्यात मशीनच्या आवाजाचा 50 किलोहर्ट्झचा झोत 45 अंशांनी पसरला तर तळावर 100 फुटांचं वर्तुळ होतं. त्या वर्तुळात कुठेही दोन वाव उंचीचं खडप असलं की त्याच्या माथ्याचा प्रतिध्वनी आधी येतो, आणि स्क्रीन म्हणते, तळ इथेच. खडपाच्या पायथ्याशी बसलेली तांबोशी त्या लाल पट्ट्यात गाडली जाते. सपाट तळ असला तरी वर्तुळाच्या काठावरचे खालचे 10 फूट तसेच बुडतात. 200 किलोहर्ट्झला झोत 20 अंशांचा धरला तर वर्तुळ 40 फुटांवर येतं आणि काठावरचं आंधळं पाणी दोन फुटांवर. तेवढ्यात तांबोशी मावते.

हे कळल्यावर मी स्क्रीनची जाहिरात वाचणं सोडलं. दुकानदार 'चर्प' म्हणतो, तेही खरं आहे. एकावर एक असलेले दोन मासे त्यात वेगळे दिसतात. पण चर्पने रुंद झोत अरुंद होत नाही. ते काम पाण्यात आवाज सोडणाऱ्या ट्रान्सड्युसरचं, आणि पेटीबरोबर फुकट म्हणून जो मिळतो तो बहुधा सगळ्यात हलका असतो. माशांची चित्रं दाखवणारी सोय तर मी पहिल्या दिवशीच बंद करतो. शेवाळाच्या तुकड्याला ती मासा म्हणते. पर्यटकांच्या होडीला शोभते.

ट्रान्सड्युसर बसवायचा कुठे, हा आणखी एक वांधा. पुस्तक म्हणतं, बुडाला भोक पाडून. ज्याची होडी रोज वाळूवर ओढली जाते त्याने तसं करून पाहावं. बुडाच्या आतून चिकटवायचा तर नुसतं फायबर हवं. मध्ये प्लाय असेल तर आवाज तिथेच मरतो. मागच्या फळीला लावला की पंख्याचे बुडबुडे स्क्रीनभर. शेवटी मी तो नळीच्या दांड्याला बांधून कडेला लावला. खडपावर आल्यावर खाली सोडायचा, निघताना वर घ्यायचा. बेंगरूळ दिसतं. पुतण्याला त्याची लाज वाटते.

मासे शोधायचं मशीन जपानच्या फुरुनो बंधूंनी 1948 मध्ये बाजारात आणलं. तेव्हापासून तांडेलाची किंमत उतरतच गेली, असं म्हातारे म्हणायचे आणि मी त्यांना हसायचो. आता मी तेच म्हणतो. पर्ससीनवाल्यांचं सोनार आडवं चारी बाजूंना पाहतं. थवा सापडला की अख्खा वेढला. राज्याने 2016 मध्ये त्यांच्यावर निर्बंध घातले, केंद्राने 2017 मध्ये एलईडीच्या मासेमारीवर बंदी घातली. रात्री आमच्या किनाऱ्यावर उभं राहून पश्चिमेला पाहिलं की बंदीचा उजेड दिसतो. त्यांच्यापुढे माझी खडपाची कड म्हणजे हौसच. पण ते पुढच्या वर्षीचा मासाही उचलतात आणि मी गरीला लागेल तेवढाच, एवढा फरक मला मोठा वाटतो. पुतण्याला वाटतो की नाही, सांगता येत नाही. त्याच्या मोबाइलवर सोनारचे व्हिडिओ असतात.

शेवटी आम्ही सात इंची घेतला आणि वाचलेले पैसे चांगल्या ट्रान्सड्युसरवर घातले. मशीनला वेगळी बॅटरी दिली, कारण इंजिन चालू करताना दाब उतरला की मशीन झोपतं आणि पुन्हा उपग्रह शोधत बसतं. स्क्रीन होडीच्या मध्ये बसवली आहे. पुतण्या बटणं दाबतो, मी मागून रंग वाचतो. जुन्या मशीनमधल्या खुणा त्याने कार्डावर उतरवून घेतल्या. मी आयुष्यभर राखलेलं सगळं एका बटणात गेलं. आता खलाशीही वाकून बघतात आणि विचारतात, "काका, हो लाल जाडो कसलो?" मी सांगतो. सांगताना बरं वाटतं, हेही कबूल करतो.

वडिलांची बुरजाची खडपं मात्र मी कधीच मशीनमध्ये घातली नव्हती. ती अजूनही त्यात नाहीत.