दहापैकी किती?

लंडनच्या इस्पितळात सिकलसेलचा रुग्ण कण्हत पोचला की प्रश्न येतो: शून्य ते दहामध्ये दुखणं किती? वर्ध्याजवळच्या पिपरी मेघेकडचा माणूस बहुधा नऊ असलं तरी सहा सांगेल. 'आंग ठणकते' याला आकडा लावायची सवय नसते, आणि फार सांगितलं तर नाटक वाटेल ही धास्तीही असते. ती धास्ती उगाच नाही. २०१९ मध्ये लंडनच्याच एका इस्पितळात सिकलसेल असलेल्या २१ वर्षांच्या इव्हान नेथन स्मिथने वॉर्डातल्या खाटेवरून ऑक्सिजनसाठी आणीबाणीच्या ९९९ ला फोन लावला; तो वाचला नाही. पुढे २०२१ मध्ये खासदारांच्या गटाने सिकलसेलच्या रुग्णसेवेवर अहवाल दिला, त्याचं नावच 'कोणी ऐकत नाही' अशा अर्थाचं आहे. म्हणून माझं म्हणणं असं की, सिकलवाल्याने मन मोकळं करायला समुपदेशक शोधताना आधी भाषा पाहू नये. याच्यापुढे आपलं दुखणं सिद्ध करावं लागतंय का, हे आधी पाहावं.

यावर घरून पहिली हरकत येते ती अशी: दुखणं रक्तातलं, गप्पा मारून काय होणार? तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्या तुंबवतात, हाडं ठणकतात; हाच झटका. ते बोलून थांबत नाही, कबूल. पण दोन झटक्यांच्या मधले दिवस पुढच्याच्या धाकात जातात, आणि तो धाक बोलण्याच्या टप्प्यातला असतो. वर्ध्याकडे सिकल आणि समुपदेशन हे शब्द जवळ आले की विषय सोयरिकीचा निघतो: दोघांचे रिपोर्ट जुळवा, वाहक-वाहक टाळा. ते हवंच, भारताच्या २०२३ च्या राष्ट्रीय सिकलसेल मोहिमेतही ते आहे. पण ती पुढच्या पिढीची काळजी. ज्याला आजार आहेच, त्याच्या मनाची विचारपूस त्यात बसत नाही. दुसरी हरकत जास्त वजनदार: मग व्हिडिओवर मराठी समुपदेशकच का नको? ठणका, कळ, चमक यांतला फरक दुभाष्याकडून निम्मा गळतो, हे खरंच. (पुण्याच्या कानालाही वर्ध्याचं बोलणं पुरतं कळेलच असं नाही, ते सोडा.) तरी शब्द समजावून देता येतात, संशय घेणाऱ्यापुढे अस्सल मराठीही वाया जाते. इंग्लंडमध्ये सरकारी 'टॉकिंग थेरपीज'कडे डॉक्टरच्या चिठ्ठीविना नाव नोंदवता येतं, दुभाषी मागता येतो. लंडनच्या काही मोठ्या इस्पितळांत सिकल विभागाचेच मानसतज्ज्ञ असतात. पहिल्याच भेटीत विचारावं: झटक्यामुळे ऐनवेळी येणं जमलं नाही, तर गैरहजर धराल का? त्यावर नियम वाचून न दाखवता समोरच्याने 'किती दिवसांनी येतो झटका?' असं विचारलं, तर पुढची वेळ तिथलीच घ्यावी.