वाक्य पुढून वाचताना

“शब्द सगळे कळतात, सेन्सेई. वाक्य कळत नाही.”

तोक्योत हायस्कूलच्या मुलांना इंग्रजी शिकवणाऱ्या प्रत्येकानं ही तक्रार ऐकलेली असते, आणि ती खरी असते. ही मुलं पाठांतरात कच्ची नसतात. शब्दांच्या पुस्तकात अर्थ तांबड्या शाईत छापलेले असतात. वर तांबडी पारदर्शक पट्टी ठेवली की अर्थ दिसेनासे होतात. गर्दीच्या लोकलमध्ये उभ्यानं ती पट्टी खाली खाली सरकवत ओठांत पुटपुटणारी मुलं मी रोज बघते. शब्दांसाठी ती जीव तोडून मेहनत घेतात. अडतं ते वाक्य.

एदोगावा वॉर्डातल्या निशिकासाईमध्ये एका छोट्या जुकुत मी शिकवते. जुकु म्हणजे शिकवणी वर्ग. आमचा ‘कोबेत्सु’, म्हणजे मुलाजवळ बसून त्याच्या अडचणीपुरतं शिकवण्याचा. शाळा आणि शाळेतला क्लब आटोपून मुलं संध्याकाळी येतात आणि वहीतल्या अडलेल्या ओळीवर बोट ठेवतात.

ती ओळ बहुधा अशा घडणीची असते : ‘द बुक माय ब्रदर बॉट लास्ट वीक वॉज टू डिफिकल्ट फॉर मी.’ एकही शब्द अवघड नाही. पण ‘पुस्तक’, मग ‘भाऊ’, मग ‘विकत घेतलं’ असं वाचत मुलगा ‘वॉज’पाशी येतो आणि थबकतो. एक क्रियापद तर होऊन गेलं, मग हे दुसरं कुणाचं? तो नजर वाक्याच्या शेवटाला नेतो आणि तिथून मागं मागं येत तुकडे जुळवू लागतो.

तो असं का करतो, हे मराठी माणसाला चटकन कळावं. आपण म्हणतो, ‘माझ्या भावानं गेल्या आठवड्यात घेतलेलं पुस्तक’. जपानीतही नेमका हाच क्रम : भाऊ, गेला आठवडा, घेतलेलं, पुस्तक. वर्णन आधी, नाम नंतर, क्रियापद सगळ्यांत शेवटी. आपल्याकडे निदान ‘जे पुस्तक भावानं घेतलं ते’ अशी दुसरी वाट आहे, जपानी मुलाकडे तीही नाही. इंग्रजी मात्र नाम आधी पुढ्यात ठेवते आणि त्याबद्दलचं सगळं मागाहून जोडते. त्यामुळे इंग्रजी वाक्य शेवटाकडून वाचलं की ते आपोआप जपानीसारखं लागतं. मुलगा आळशीपणानं उलटा वाचत नाही, स्वतःच्या भाषेच्या हुकमानं वाचतो. मराठीत वाढल्यामुळे त्याची नजर कुठं वळणार हे मला आधीच दिसतं, आणि या कामात तेच माझं मोठं भांडवल आहे.

उलट्या वाचनाला जपानमध्ये मोठा इतिहास आहे. अभिजात चिनी ग्रंथ जपानी विद्वान शतकानुशतकं असेच वाचत आले. चिनीत क्रियापद कर्माच्या आधी येतं, म्हणून अक्षरांच्या डाव्या बाजूला खाली बारीक खुणा करून ‘आधी खालचं वाच, मग वर ये’ असं सांगायची त्यांनी पद्धत बसवली. हायस्कूलमध्ये हे वाचन आजही शिकवतात. एदो काळात डच पुस्तकं आली तेव्हा हीच रीत त्यांना लावली गेली. ओसाकात ओगाता कोआन यांच्या तेकिजुकुत डच शिकलेले फुकुझावा युकिची १८५९ मध्ये योकोहामाला गेले, तिथं डच चालत नाही हे पाहून इंग्रजीकडे वळले, आणि त्यांच्यासारख्या अनेकांबरोबर ही वाचनाची सवयही इंग्रजीत आली. या रीतीनं एका देशाला परकं ज्ञान मिळवून दिलं. तिला नावं ठेवणं मला जमत नाही.

पण तिला वेळ लागतो, आणि आजच्या मुलाकडे वेळ नाही. विद्यापीठ प्रवेशाच्या जुन्या सेंटर परीक्षेत उच्चार आणि व्याकरणाचे सुटे प्रश्न असत. २०२१ पासून तिच्या जागी सामायिक परीक्षा आली आणि इंग्रजीच्या लेखी पेपरात नुसतं वाचन उरलं : ऐंशी मिनिटांत प्रश्नांसकट पाच-सहा हजार शब्द. प्रत्येक वाक्य शेवटाकडून उलगडणाऱ्याचा पेपर अर्ध्यावर राहतो.

यावर माझ्या माहितीतलं सगळ्यांत विचारपूर्वक उत्तर इतो काझुओ यांनी दिलं. जन्म १९२७, शिक्षण तोक्यो विद्यापीठात तत्त्वज्ञानाचं, आणि आयुष्यभराचं काम सुंदाई या प्रवेश परीक्षेच्या वर्गात मुलांना इंग्रजी शिकवण्याचं. १९७७ मध्ये केन्क्युशानं त्यांचं ‘एइबुन काइशाकु क्योशित्सु’ छापलं, आणि १९९७ मध्ये ते गेले तरी पुस्तक अजून विकलं जातं. त्यांचा आग्रह असा : वाक्य डावीकडून उजवीकडे, ज्या क्रमानं येतं त्याच क्रमानं घ्या, आणि पुढं काय येणार याचा अंदाज बांधत चला. सुरुवातीला शब्दयोगी अव्यय नसलेलं नाम दिसलं की ते कर्ता धरा आणि क्रियापद शोधत निघा. अंदाज चुकला तर जिथं चुकला तिथंच दुरुस्त करा. व्याकरण इथं नियमांची यादी राहत नाही, वाचणाऱ्याच्या मनातली अपेक्षा होते.

मी हेच करायचा प्रयत्न करते. कोऱ्या कार्डानं ओळ झाकते आणि एकेक शब्द उघडते. ‘द बुक.’ आता काय हवं? क्रियापद, मुलगी म्हणते. उघडलं तर ‘माय ब्रदर’. क्रियापदाऐवजी आणखी एक नाम! इथं मी बोलत नाही. दोन नामं मध्ये काहीच न येता शेजारी आली, तर दुसऱ्यापासून पहिल्याचं वर्णन सुरू झालं असण्याचा संभव मोठा, हे तिला स्वतःला सुचेपर्यंत थांबते. हे थांबणं फार कठीण असतं. शेजारच्या टेबलावर दुसरा मुलगा खोळंबलेला असतो आणि अर्थ सांगून टाकला तर दोघांचीही सुटका होते. पण सांगितलेला अर्थ फक्त त्या एका वाक्याचा असतो. पुढच्या ओळीवर ती पुन्हा तितकीच एकटी.

सूत्रांची पाठांतरंही अशीच मोकळी करावी लागतात. जपानभर गाजलेली ‘व्हेलची रचना’ घ्या : ‘अ व्हेल इज नो मोअर अ फिश दॅन अ हॉर्स इज.’ घोडा जसा मासा नाही तसा व्हेलही नाही, हा अर्थ प्रत्येकाला पाठ असतो. पण ‘नो मोअर’च्या जागी ‘नो लेस’ आलं की हात थांबतो. मी विचारते, घोड्यात मासेपणा किती? शून्य. व्हेलमध्ये त्याहून जास्त किती? ‘नो’, म्हणजे जास्त काहीच नाही. मग व्हेलमध्ये किती? शून्य! एकदा एका मुलीनं यानंतर ‘ती भावापेक्षा नो लेस धाडसी’ हे वाक्य स्वतःच सोडवलं : भाऊ धाडसी आहेच, ती त्याहून काहीही कमी नाही. त्या वेळचा तिचा चेहरा पाहून मला फार आनंद झाला.

गटागटानं वाचायला वाक्यात तिरप्या रेघा मारायची पद्धत शाळांतून आहे. चांगली आहे, पण कोणता गट कुणाला जोडलेला हे न कळता मारलेल्या रेघा वाया जातात.

बोलतं इंग्रजी की वाचनाचं, हा वाद इथं जुनाच. १९७४ मध्ये राजकारणी हिराइझुमी वातारू यांनी शाळेतल्या इंग्रजीच्या निष्फळतेवर बोट ठेवलं, आणि सोफिया विद्यापीठाचे वातानाबे शोइची यांनी अवघड मजकूर झुंजून वाचण्याची बाजू घेतली. माझा कौल वातानाबेंना. सतरा वर्षांचं पोर अर्धा तास एका परक्या वाक्याशी झगडतं तेव्हा ते विचार करायला शिकत असतं. भाषांतरालाही माझा विरोध नाही. क्योतो विद्यापीठ तर प्रवेश परीक्षेत उताऱ्याचे भाग जपानीत उतरवायला लावतं. भाषांतर शेवटी यावं, वाक्य समजल्यावर, एवढंच माझं म्हणणं.

मराठी माध्यमातल्या मुलाच्या डोक्यातही क्रियापद शेवटीच असतं. म्हणून घरी कुणी इंग्रजीचा उतारा घेऊन तुमच्याजवळ आलं, तर कृपा करून वर पेन्सिलीनं अर्थ लिहून देऊ नका. कर्ता कुठं आहे ते विचारा, त्याचं क्रियापद शोधायला सांगा, आणि उत्तर येईपर्यंत त्याच्या शेजारी बसून राहा.