बोट ठेवून पाहावे असे काही

दिवाळी अंक हाती पडला की आधी अनुक्रमणिका वाचतो, असे सांगणारा माणूस चक्क थाप मारीत असतो! आपण सारेच प्रथम भराभर पाने उलटून व्यंगचित्रे पाहून घेतो. कथा-कवितांची पाळी फराळानंतर. या हावरेपणातूनच मला व्यंगचित्रे काढण्याची हौस जडली.

हौसेला मोल नसते म्हणतात; पण नीब, काळी शाई आणि जाड कागद यांना असते. मी दीनानाथ दलालांची ऐटबाज माणसे गिरवली. आर. के. लक्ष्मण यांचा चौकड्यांच्या कोटातला सामान्य माणूस गिरवला. 1951 साली अवतरलेला हा गृहस्थ पन्नासांहून अधिक वर्षे सारे पाहत राहिला. बोलला मात्र नाही. गिरवता गिरवता कळले, की भुवई केसभर वर गेली की माणूस चकित होतो आणि केसभर खाली आली की तोच खवळतो!

आमच्या आळीत एक निवृत्त ड्रॉइंगमास्तर होते. माझे चित्र पाहून ते खो खो हसले. मग खालच्या ओळीवर तळवा ठेवून म्हणाले, “आता हसव!” चित्र मुके झाले. “अरे, हा विनोद ऐकायचा आहे. मग चित्र कशाला काढलेस?”

त्यांनीच मला शि. द. फडणीसांचे ‘मोहिनी’चे जुने मुखपृष्ठ दाखवले. एक तरुण, एक तरुणी. एकाच्या कपड्यावर मांजरे, दुसऱ्याच्या कपड्यावर उंदीर! चित्रात शब्द एकही नाही. तो अंक मी मागून आणला.

पुढे वडिलांना अर्धांगाचा झटका आला. वाचा गेली, तोंड एका बाजूला ओढले गेले. घरात सारे त्यांच्याशी मोठ्याने बोलत, जणू त्यांचे कानच गेले होते. एका संध्याकाळी मी तो अंक त्यांच्यापुढे धरला. त्यांचे बोट हळूहळू मांजरावरून उंदरावर सरकले, आणि ओठाचा धडका कोपरा वर गेला. महिन्यातले ते पहिले हसू!

मग रोज एक बिनशब्दांचे चित्र काढणे आले. परीक्षक मोठा कडक. पसंत पडले तर बोटाने टकटक. नाहीतर तोंड भिंतीकडे!

एके दिवशी त्यांनी खूण केली: ‘मला काढ.’ चार दिवस माझा हात चालेना. वाकडे तोंड काढावे तर ती कुचेष्टा. सरळ काढावे तर ती लबाडी, आणि लबाडी त्यांनी आयुष्यभर खपवून घेतली नव्हती. पाचव्या दिवशी मी ते होते तसेच काढले, वाकड्या तोंडासकट. मात्र पलंगाभोवती आई, मी, डॉक्टर आणि खिडकीतला कावळासुद्धा, सगळे त्यांच्याकडे पाहता पाहता त्याच बाजूला कलले होते. एकटे तेच ताठ!

वडील हसता हसता रडले. आईने चित्र पलंगासमोर चिकटवले.

म्हणून वाचकांना विनंती एवढीच. या अंकातली व्यंगचित्रे पाहताना खालच्या ओळीवर क्षणभर बोट ठेवा. तरीही हसू आले, तर चित्रकाराचे नाव अवश्य वाचा. बहुधा ते आपण वाचायचेच विसरतो.