तीनशे डाँगचा रुपया

व्हिएतनामला जायचं आम्ही ठरवलं ते खर्चाकडे बघून. मुंबईहून थेट विमान, घरबसल्या मिळणारा ई-व्हिसा आणि एका रुपयाला जवळपास तीनशे डाँग. हो ची मिन्ह सिटीच्या विमानतळावर थोडे डॉलर मोडले तर पाकिटात लाखांच्या नोटा आल्या. तिथले लोक या शहराला बोलताना अजून सायगॉनच म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणते.

पुण्यात मेट्रोची धूळ वर्षानुवर्षं खाल्लेली असल्यामुळे तिथली मेट्रो पाहायची मला फार उत्सुकता होती. बेन थान्ह ते सुओई तिएन असा हा पहिला मार्ग, 19.7 किलोमीटर, 14 स्थानकं. जपानच्या कर्जातून 2012 मध्ये काम सुरू झालं आणि गाडी धावली 22 डिसेंबर 2024 ला. सुरुवातीची तीन स्थानकं भुयारी आहेत, मग गाडी वर येते आणि लँडमार्क 81 ही उंच इमारत दिसायला लागते. डब्यात बरेचजण ऑफिसला निघालेले नव्हते, मेट्रो बघायलाच आलेले होते. समोर एक आजोबा नातवाला खिडकीशी धरून उभे होते. त्यांच्या मुलीला इंग्रजी येत होतं, तिच्या मदतीने बोलणं झालं. तांदळासाठी कुपनं घेऊन रांगेत उभं राहिलेलं त्यांना नीट आठवत होतं. 1986 मध्ये सरकारने ‘दोई मोई’ हे नवं धोरण आणलं, शेती आणि व्यापाराला हळूहळू मोकळीक मिळाली आणि 1989 पासून हा देश तांदूळ मोठ्या प्रमाणात निर्यात करायला लागला. हे मी वाचलेलं होतं. पण रेशनच्या रांगेतला माणूस एसी मेट्रोत नातवाला इमारती दाखवतोय, हे पाहून मला मनापासून आनंद झाला. एका आयुष्यात एवढं बदललेलं पाहायला मिळणं ही मोठी गोष्ट आहे.

हॉटेलच्या गल्लीत एक मावशी फुटपाथवर कॉफी विकायच्या. गुडघ्याएवढी प्लास्टिकची स्टुलं, ग्लासात तळाशी बोटभर कंडेन्स्ड मिल्क, वर ॲल्युमिनियमची छोटी गाळणी. तिच्यातून काळी कॉफी थेंबाथेंबाने उतरते, मग ढवळायचं आणि बर्फ घालायचा. घाई करून चालत नाही. पंचवीस हजार डाँग, म्हणजे आपले ऐंशी-पंच्याऐंशी रुपये. मावशींच्या हातगाडीच्या दांड्याला क्यूआर कोड लटकवलेला. गिऱ्हाईकं फोन दाखवून निघून जायची. तिथल्या बँकेत खातं नसल्यामुळे आम्हाला मात्र नोटाच द्याव्या लागायच्या आणि मावशींना सुट्टे शोधत बसावं लागायचं. एरवी यूपीआयवर भाजी घेणारे आम्ही, तिथे मागे पडलो होतो.

खाण्याची चिंता होती, पण ‘चाय’ अशी पाटी दिसली की शाकाहारी जेवण मिळतं हे लवकरच कळलं. तिथले अनेक बौद्ध लोक अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास मांसाहार टाळतात, त्या दिवसांत अशा ठिकाणी गर्दी असते.

बाजारात मात्र आपल्याच लोकांची घासाघीस ऐकून जीव कासावीस झाला. दीड लाख डाँगचा टी-शर्ट साठ हजारांना मागायचा, तोही विकणारीच्या तोंडासमोर हसत. भाव करावा, मीही केला. पण स्वस्त देश म्हणून आलो म्हणजे समोरच्याच्या मेहनतीलाही किंमत नाही, असं कसं?

हॉटेलच्या काउंटरवरची मुलगी मेकाँगच्या खोऱ्यातल्या एका गावाहून आलेली. रात्री काम कमी असलं की फोनवरच्या भाषांतराने आम्ही बोलायचो. 2024 च्या जुलैपासून 2025 च्या अखेरपर्यंत सायगॉनच्या बहुतेक भागात किमान वेतन महिन्याला 49 लाख 60 हजार डाँग होतं, म्हणजे साधारण साडेसोळा हजार रुपये. तिला त्याहून थोडं जास्त मिळायचं. त्यातून खोलीचं भाडं, स्कूटरचा हप्ता, गावी आईला पैसे आणि संध्याकाळच्या जपानी भाषेच्या वर्गाची फी. मावशींची कॉफी ती रोज घेत नाही, परवडत नाही म्हणाली. मेट्रो आवडते, पण तिच्या खोलीच्या बाजूने जात नाही. जिथून जाते तिथलं भाडं वाढलंय. तरी शहर सोडून गावी परत जायचा विचार तिच्या बोलण्यात एकदाही आला नाही. जपानी आलं की एखाद्या जपानी कंपनीत नोकरी, पगार दुप्पट, असा तिचा सरळ हिशेब होता, आणि तो जमावा असं मला फार वाटतं.

शेवटच्या रात्री तिने विचारलं, पुण्यात एका खोलीचं भाडं किती? मी सांगितलं. तिने त्याचे डाँग केले, आकडा पाहिला आणि पुढचा प्रश्न विचारला, मग तुमच्याकडे गावाहून आलेल्या मुली कशा राहतात? एका खोलीत चौघी-पाचजणी, मी म्हटलं. ‘आम्ही तिघी,’ फोनने वाचून दाखवलं. एवढ्यात नवे पाहुणे आले आणि ती त्यांचे पासपोर्ट घ्यायला वळली.