छोट्या लाइनीचे दिवस

नागपुरातल्या इतवारीहून नागभीडला जाणारी छोटी लाइन नोव्हेंबर 2019 मध्ये बंद झाली. छिंदवाड्याची त्याआधीच, 2015 च्या नोव्हेंबरअखेर गेली होती. अडीच फुटी रुळांवरची नागभीडची गाडी कुही, उमरेड, भिवापूर करत शंभरेक किलोमीटरला चार-पाच तास खायची. आज साधारण तेवढ्याच वेळात नागपूरची वंदे भारत चारशेवर किलोमीटरवरचं बिलासपूर गाठते.

पण त्या गाडीत घाई कोणाला होती! सकाळच्या गाडीला भाजीच्या टोपल्या, दुधाच्या कॅन, कोंबड्या असं सगळं चढायचं. भिवापूरहून मिरचीची पोती चढली की अख्खा डबा शिंकायचा. "सरक ना भाऊ थोडा" म्हणत तिघांच्या बाकावर पाच जण बसत. एखादा धावत येताना दिसला की डब्यातले सगळे दारातून हात पुढे करायचे.

हे आठवून गोड वाटतं खरं, पण टपावर बसलेली पोरं आणि दांडीला लटकलेली माणसंही त्याच गाडीची. फाटक नसलेल्या वाटेवर बैलगाडी आडवी आली, की सगळा भरवसा ड्रायव्हरच्या शिट्टीवर. आधी कोळशाचं इंजिन, मग डिझेलचं. खिडकीशी बसलेल्याच्या डोळ्यांत कण जायचा तो जायचाच. मोठ्या स्टेशनात तर गाडी थांबली की रुळांकडे पाहवत नसे. जैव-शौचालयं आली, विजेची इंजिनं आली, ब्रॉडगेजवरची बिनमाणसाची फाटकं 2019 पर्यंत संपली. ते आधीचं काहीही परत नको.

छिंदवाड्याची गाडी आता मोठ्या लाइनीवरून सातपुड्याचा घाट चढते. नागभीडच्या वाटेवर उमरेड-कऱ्हांडला अभयारण्य आहे. छोटी गाडी तिथून रेंगाळत जायची. आता तिथून मोठ्या लाइनीची गाडी वेगाने न्यायची तर वाघाला रूळ ओलांडायला भुयारी वाट ठेवा, हा हट्ट वन्यजीवांसाठी झटणाऱ्यांनी धरला. मला तो रास्त वाटतो.

जुनी इंजिनं मोतीबागेतल्या नॅरोगेज संग्रहालयात आहेत. डिसेंबर 2002 पासून नागपूरकर तिथे लेकरांना घेऊन जातात, इंजिनाला टेकून फोटो काढतात. जपलं ते बरंच केलं, पण नागपूरच्या आसपासच्या माणसाला इंजिनापेक्षा वेळापत्रकाची आठवण अधिक येते. एसटीहून स्वस्त तिकीट आणि गावाजवळचा थांबा यांच्यासाठी तो त्या हळू गाडीला धरून होता. गाडी देखणी करायची म्हणजे गुबगुबीत खुर्च्या आणि आपोआप मिटणारी दारं, एवढंच हल्ली डोळ्यांसमोर येतं. असू देत तीही. पण भिवापूरच्या बाईला बिलासपूरला जायचंच नसतं. तिला टोपली घेऊन सकाळी इतवारीला उतरायचं असतं आणि बाजार आटोपून दुपारी घरी परतायचं असतं. तिच्या गाडीला टोपली ठेवण्याजोगा एक डबा जोडा आणि ती वेळेवर सोडा.