कागदाची कडा
पडदा सरकवता येतो. कागदाला कडा असते. ए-फोर पानाच्या २१० मिलिमीटरांतून दोन्हीकडे पंचवीस-पंचवीस समासाला दिले, की मजकुराला १६० उरतात. स्टाइलशीटच्या हिशेबात ९६ पिक्सेलांचा इंच. म्हणजे १६०० पिक्सेलांची आकृती सुमारे ४२३ मिलिमीटर मागते. ‘कमाल रुंदी शंभर टक्के’ हा नियम तिला मुकाट्याने आत बसवतो. परंतु तिच्यातील बारा पॉइंटांचे अक्षर साडेचारांवर येते आणि अनुस्वार हरवतो. तक्ता तेवढेही ऐकत नाही. मांडणी स्थिर केलेली नसेल, तर एखादा लांबलचक सामासिक शब्द साऱ्या तक्त्याला समासाबाहेर ढकलतो. शिशाचा खिळा दाबून बारीक होत नसे. म्हणून जुळारी तक्ता आडवा लावी किंवा विभागी. त्या वाटा आजही मोकळ्या आहेत. अक्षर आक्रसवणे मात्र फार सोपे झाले आहे.