दुर्गम अरण्याचा परवाना
(लेखांक पहिला : पूर्वतयारी)

पुणे, सोमवार

येत्या श्रावणात युगांडाच्या नैर्ऋत्य कोपऱ्यातील ब्विंडीच्या अरण्यात जाऊन पर्वतीय गोरिलांचे दर्शन घ्यावयाचे, हा दीर्घकाळ मनात घोळत असलेला बेत आज अखेर कागदावर उतरला. आपला सह्याद्री ज्या दिवसांत चिंब भिजलेला असतो, त्याच दिवसांत विषुववृत्ताच्या किंचित दक्षिणेस असलेल्या त्या डोंगरांत पावसाने बरीचशी उघडीप दिलेली असते; जून ते ऑगस्ट आणि डिसेंबर ते फेब्रुवारी हे तेथील त्यातल्या त्यात कोरडे महिने. म्हैसूरच्या प्राणिसंग्रहालयात गोरिला पाहून आलेले मराठी प्रवासी पुष्कळ भेटतात. परंतु ते गोरिला पश्चिमेकडील सखल प्रदेशातले, आणि पर्वतीय गोरिला तर आज जगातील कोणत्याही प्राणिसंग्रहालयात नाही. त्याला पाहावयाचे तर त्याच्याच घरी जावे लागते, आणि ती घरे पृथ्वीच्या पाठीवर दोनच उरली आहेत : युगांडा, रुआंडा व काँगो यांच्या सीमा जेथे मिळतात ती विरुंगा ज्वालामुखींची रांग, आणि तिच्या उत्तरेस काही कोसांवर असलेले हे ब्विंडी.

१९०२ साली बेरिंगे नावाच्या जर्मन कप्तानाने विरुंगातील साबिन्यो पर्वतावर दोन गोरिला बंदुकीने मारले, तेव्हा पाश्चात्त्य शास्त्रज्ञांना या प्राण्याची ओळख झाली, आणि ज्याने मारले त्याचेच नाव प्राण्याला देण्यात आले, याचा विषाद मला प्रत्येक वेळी वाटतो. पुढे १९५९-६० मध्ये जॉर्ज शॅलर यांनी बंदुकीवाचून त्यांच्या सान्निध्यात राहून अभ्यास केला. १९६७ पासून डायन फॉसी यांनी रुआंडाच्या बाजूस तोच वसा घेतला आणि १९८५ च्या डिसेंबरात तेथेच त्यांचा खून झाला. १९८० च्या सुमारास विरुंगात अवघे अडीचशे गोरिला राहिले होते. दोन्ही अरण्ये मिळून ही संख्या १,०६३ वर गेल्याचे २०१९ साली जाहीर झाले, ते वाचताना मला जो आनंद झाला होता, त्यातूनच या प्रवासाचा संकल्प जन्मला.

मंगळवार

आज हिशेबाची वही उघडली. रुआंडात एका माणसाला एका दिवसाच्या दर्शनाचा परवाना १,५०० डॉलरला मिळतो, युगांडात ८०० डॉलरला. आणि या रकमेत दर्शनाचा काळ एकच तास. एका गोरिला-कुटुंबाकडे दिवसातून फक्त आठ माणसांना नेण्याचा शिरस्ता आहे, त्यामुळे मागणी कितीही वाढली तरी परवान्यांची संख्या वाढत नाही. आमच्या घरात या आकड्यावर बराच वेळ चर्चा झाली. सौभाग्यवतींचा प्रश्न रास्त होता, की एका तासासाठी एवढा पैसा घालविण्यात विवेक कोणता? ताडोबाच्या फेरीशी तुलना करून हा खर्च अवास्तव ठरविणे सोपे आहे. परंतु या पैशावर तीनशे तीस चौरस किलोमीटरांच्या आसपास पसरलेले ते अरण्य आणि त्याचे पहारेकरी पोसले जातात, हे ध्यानात घेतले म्हणजे तो मोबदला मला मुळीच जास्त वाटत नाही. २०२० साली साथीमुळे प्रवाशांची रीघ आटली असता, त्या जूनमध्ये राफिकी नावाचा एका कळपाचा म्होरक्या, पाठीवर रुपेरी केस आलेला पूर्ण वाढीचा नर, शिकाऱ्याच्या भाल्याने मारला गेला. मारेकऱ्यास अकरा वर्षांची कैद झाली. कळप मात्र पोरका झाला.

याच हिशेबाची दुसरी बाजूही नोंदवून ठेवतो. १९९१ साली ब्विंडी राष्ट्रीय उद्यान झाले, तेव्हा शिकार करून व मध गोळा करून पिढ्यान् पिढ्या त्या अरण्यात राहिलेल्या बाट्वा लोकांना तेथून बाहेर काढण्यात आले, आणि त्यांना जमिनीचा योग्य मोबदला मिळाला नाही. मेळघाटातील कोरकू गावांचे पुनर्वसन ज्यांनी जवळून पाहिले आहे, त्यांना या एका वाक्यामागचे दुःख उलगडून सांगावयास नको. उद्यानाच्या प्रवेशशुल्कातून वीस टक्के भाग सभोवतालच्या गावांस देण्याची तजवीज कायद्याने झाली आहे, हे चांगलेच; पण बाट्वांच्या वस्तीस भेट द्यावयाची तर तमाशा पाहावयास गेल्यासारखे जावयाचे नाही, एवढे आम्ही आजच ठरविले.

बुधवार

कोल्हापूरकडचे आमचे एक स्नेही युगांडातील एका साखर कारखान्यात रसायनतज्ज्ञ आहेत. त्यांना रात्री दूरध्वनी केला. तेथील घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे, त्यामुळे ते नुकतेच कारखान्यातून परतले होते.

“अहो, आधी परवाना, मग विमानाचं तिकीट,” ते म्हणाले. “आणि परवाना कोणत्या भागाचा आहे ते नीट वाचा. बुहोमाचा परवाना आणि मुक्काम रुशागाला, असं करून बसलेली माणसं मी पाहिली आहेत. मग अंधारात उठून घाटातून गाडी हाकायची आणि सकाळच्या हजेरीला पोहोचायचं, हे तुमच्यानं होणार नाही.”

हा उपदेश प्रत्येकाने गाठीस बांधावा असा आहे. नकाशावर ब्विंडी एकच दिसते. प्रत्यक्षात बुहोमा, रुहिजा, रुशागा आणि न्कुरिंगो अशी त्याची चार दारे आहेत, आणि परवाना नावानिशी व पारपत्राच्या क्रमांकासह त्यांपैकी एकाच दाराचा मिळतो. न्कुरिंगोची चढण फार उभी. रुशागाकडे कळप अधिक. बुहोमा सर्वांत जुने, १९९३ साली प्रवाशांना गोरिला दाखविण्यास तेथूनच आरंभ झाला. आम्ही बुहोमा निवडले. पहाटेच माग काढणारे लोक आदल्या दिवशी कळप जेथे दिसला होता तेथे जातात, रात्रीची निजण्याची जागा शोधतात आणि तेथून ताज्या खुणांवरून कळपाचा पाठलाग करतात; गोरिला दर रात्री पालापाचोळा व फांद्या वाकवून नवी शेज करतो, तीच त्यांची पहिली खूण. त्यांचा निरोप आला की प्रवाशांची रवानगी होते. कळप जवळ असला तर तासाभरात भेटतो, लांब गेला असला तर दुपार टळते.

संध्याकाळी धाकटा पुतण्या विनवू लागला, “काका, मी मुळीच आवाज करणार नाही. मला न्या ना!” त्याला बारावे चालू आहे आणि पंधरा वर्षांखालील कोणासही अरण्यात प्रवेश नाही. मुलांचे आजार गोरिलांना जडू नयेत म्हणून हा नियम आहे असे समजावून सांगितल्यावर तो काही वेळ गप्प बसला, आणि मग पंधरा पूर्ण झाल्यावर नेण्याचे वचन त्याने माझ्याकडून घेतले.

गुरुवार

पीतज्वराची लस टोचून घेतली. तिचा दाखला नसेल तर युगांडात प्रवेश नाही, आणि परत येताना तो जवळ नसेल तर आपलेच सरकार सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवते. लसीकरण केंद्रात बरीच माणसे बाकांवर बसली होती : कोणी जहाजावर नोकरीस निघालेले, कोणी नायजेरियात कामास जाणारे. एका कुपीत अनेकांचा वाटा असतो आणि ती विरघळविल्यावर काही तासांत संपवावी लागते, म्हणून पुरेशी माणसे जमेपर्यंत कुपी फोडत नाहीत. परिचारिकाबाईंनी आधी विचारले, “अंडं खाल्ल्यावर काही त्रास होतो का? पुरळ, धाप?” ही लस अंड्यात वाढविलेल्या जिवंत विषाणूची असते, म्हणून तो प्रश्न. साठी उलटलेल्या एका गृहस्थांना त्यांनी डॉक्टरांकडे स्वतंत्र तपासणीस पाठविले. टोचल्यावर अर्धा तास बसवून ठेवले. मग कारकुनाने पिवळ्या पुस्तिकेत नाव, तारीख आणि कुपीचा क्रमांक लिहून त्यावर शिक्का मारला. दाखला दहा दिवसांनी ग्राह्य होतो. मुदत आता आजन्म.

शुक्रवार

दाखल्याची प्रत जोडून प्रवेशपत्राचा अर्ज धाडला. शुल्क ५० डॉलर. मुंबईहून एन्टेबेला थेट विमान आहे; तेथून बुहोमापर्यंतचा दिवसभराचा रस्ता मोटारीनेच जावयाचा, असे ठरले.

शनिवार

दिवसभर वाचन केले, आणि जे वाचले त्याने मन अस्वस्थ झाले. १९९६ साली ब्विंडीतील एका कळपाच्या अंगावरचे केस झडू लागले, कातडीस खपल्या धरल्या, आणि एक पिल्लू त्यात दगावले. युगांडाच्या पशुवैद्य ग्लॅडिस कालेमा-झिकुसोका यांनी निदान केले : खरूज. गावकऱ्यांनी शेतातल्या बुजगावण्यांना घातलेल्या जुन्या कपड्यांतून ती गोरिलांना लागली असावी, असा त्यांचा निष्कर्ष. गावातील माणसांचे आरोग्य सुधारल्यावाचून अरण्यातील गोरिलांचे आरोग्य राखता येणार नाही, या विचाराने त्यांनी पुढे संस्था काढली आणि मानवांचे व गोरिलांचे वैद्यक एकत्र चालविले. मला या साऱ्या विषयातील हा सर्वांत शहाणा विचार वाटतो. आपला साधा पडसे-खोकलाही त्यांच्या फुप्फुसांत जीवघेणा ठरू शकतो. म्हणूनच पूर्वी सात मीटर असलेले अंतर साथीच्या काळात दहा मीटर करण्यात आले आणि तोंडास पट्टी बांधणे आले.

रविवार

पहाटे सिंहगड चढलो. लांब बाह्या, मोज्यांत खोचलेली विजार आणि बागकामाचे जाड हातमोजे, असा तेथील खाजकुयरीसारख्या झुडपांसाठी लागणारा सारा सरंजाम अंगावर घालून. पाय टिकले. ब्विंडीत मात्र ओझे वाहण्यास गावातला हमाल घ्यावयाचाच असे ठरविले आहे, कारण अरण्याकाठच्या त्या घरात अरण्यामुळे चार पैसे जावेत हे मला आवश्यक वाटते.

परतताना सौभाग्यवतींशी एक बोलणे पक्के झाले. दर्शनाच्या दिवशी सकाळी दोघांपैकी कोणालाही कणकण किंवा खोकला असेल, तर ज्याला तो आहे त्याने मुक्कामावरच राहावयाचे, मग परवान्याचे पैसे बुडाले तरी चालतील. ज्या वाचकांना पुढेमागे याच वाटेने जावयाचे असेल, त्यांनाही माझी कळकळीची विनंती आहे, की हा निश्चय घर सोडण्यापूर्वीच करावा, आणि त्या सकाळी खोकल्याची गोष्ट वाटाड्यापासून लपवू नये.